मामूंची पपई आणि हवाईची पपई

बकरीदच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप आला. पुढे पाठवला, पुढे पाठवला असे करत किती हातांतून आला असेल कोण जाणे. मजकूर असा: ‘बाजारातल्या हायब्रिड पपईत विषाणूचा जीन घातलेला असतो. मुलांना देऊ नका. गोश्तला लावू नका.’ खाली हात जोडलेली चित्रे. तासाभरात धाकट्या भावजयीचा फोन आला, “आपा, आता कबाबांना काय लावायचं? दह्याने गोश्त तितकं गळत नाही.”

तिची अडचण खरी होती. कच्च्या पपईच्या किसाशिवाय आमच्या घरात बकरीदचे कबाब होत नाहीत. पपईच्या चिकात पपेन नावाचा पाचक घटक असतो, तो गोश्तमधली प्रथिने तोडतो आणि तासाभरात कडक तुकडाही मऊ पडतो. मी तिला सांगितले, बिनधास्त लाव. आपल्या बाजारातल्या पपईत कोणी विषाणूचा जीन घातलेला नाही. हायब्रिड म्हणजे दोन वेगवेगळ्या वाणांचा संकर. तो फुलातल्या परागकणांनीच होतो. प्रयोगशाळेत जनुक घालणे ही वेगळी गोष्ट. भारतात शेतकऱ्याला लावायला परवानगी मिळून शेताशेतांत पोहोचलेले जनुक-बदल केलेले पीक एकच, बीटी कापूस. तो २००२ पासून. बीटी वांग्याचा विषय २०१० मध्ये सरकारने थांबवला, तो अजून थांबलेलाच आहे. पपई या यादीत कुठेच नाही.

पण तो निरोप अगदीच हवेतला नव्हता. विषाणूचा तुकडा घातलेली पपई जगात आहे, आणि पंचवीस वर्षांहून जास्त काळ लोक ती खात आहेत. ती का करावी लागली ते माझ्या भावजयीपेक्षा माझ्या मामूंना लवकर समजले असते. त्यांनी तो रोग आपल्या शेतात पाहिलेला आहे.

मामूंची शेती शहाद्याच्या बाजूला. नंदुरबार, धुळे, जळगाव हा आपल्याकडचा पपईचा पट्टा. तिथे बहुतेकांच्या शेतात तैवानचे रेड लेडी हे वाण असते, आणि त्याच्या नावापुढे ७८६ हा आकडा लावलेला असतो. कंपनीने तो का लावला ते मला ठाऊक नाही, मामू मात्र हसत म्हणायचे, “बियाण्याच्या नावातच बरकत आहे.” बी महाग, ग्रॅमच्या हिशेबाने मिळणारे. एकेक बी पिशवीत रुजवून, लेकरासारखे जपून शेतात न्यायचे.

त्या वर्षी झाडे छातीएवढी झाली होती. फळ धरले होते. एका सकाळी मामूंना शेंड्याकडची पाने वेगळी दिसली. हिरव्यात पिवळे डाग, जणू कोणी रंग सांडला. पंधरा दिवसांत पानांचा पसारा गेला आणि बुटाच्या नाडीसारख्या चिंध्या उरल्या. देठावर तेलकट रेघा. मग फळांवर गोल गोल वलये उमटली, एकात एक. व्यापाऱ्याच्या माणसाने गाडीतून न उतरताच मान हलवली. मी तेव्हा त्यांच्याकडे गेले होते. बांधावर उभे राहून मामू म्हणाले, “बेटा, झाड उभं आहे, पण गेलेलं आहे.” पुढच्या आठवड्यात त्यांनी मजूर लावून सगळी बाग उपटली. उपटण्याची मजुरीही अंगावरच पडली. मुमानींनी त्या महिन्यात कानातले गहाण ठेवले. हे त्यांनी मला खूप नंतर सांगितले, आणि मामूंना सांगू नकोस असेही सांगितले. आता ते छापून येते आहे, पण मामू हे मासिक वाचत नाहीत, मुमानी वाचतात.

या रोगाला शास्त्रात पपई रिंगस्पॉट म्हणतात, शेतकरी नुसते ‘व्हायरस’ म्हणतात. आपल्याकडे तो नवा नाही. मुंबई प्रांतातल्या पपईवरच्या मोझॅइक रोगाची नोंद शास्त्रज्ञांनी १९४८ मध्येच छापलेली आहे. तो मावा किडीच्या तोंडातून पसरतो. मावा पपईवर राहतही नाही. उडता उडता बसतो, सोंड खुपसून चव घेतो, आवडली नाही की पुढच्या झाडावर. या चव घेण्यातच, मिनिटभरही लागत नाही, विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. म्हणून फवारणीचा उपयोग फार थोडा. औषधाने मावा मरेपर्यंत त्याने चार झाडे चाखलेली असतात. आणि एकदा विषाणू झाडात शिरला की त्याला औषध नाही. माणसाच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडे तयार होतात, तशी सोय झाडाकडे नाही.

हेच हवाईत घडले, आपल्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर. हवाई म्हणजे पॅसिफिक महासागरातली अमेरिकेची बेटे. तिथे १९४० च्या दशकात ओआहू बेटावर हा रोग आला आणि वाढत गेला. शेतकऱ्यांनी बागा उचलल्या आणि दुसऱ्या बेटावर, हवाईच्या मोठ्या बेटावरच्या पुना भागात नेल्या. ज्वालामुखीच्या खडकाळ जमिनीत भेग पाडून रोप लावायचे, वर पाऊस भरपूर. पपई अशी आली की काही वर्षांत राज्यातली पंचाण्णव टक्के पपई एकट्या पुनात पिकू लागली. शेती करणारे बरेचसे फिलिपाइन्समधून मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांतले. रोग मात्र तीसेक किलोमीटरवरच्या हिलो गावात येऊन बसला होता. सरकारी माणसे परसबागांतली रोगट झाडे शोधून तोडत होती. सगळ्यांना ठाऊक होते, हा आज ना उद्या येणार.

डेनिस गोन्साल्व्हिस हे हवाईच्याच उसाच्या मळ्यावर वाढलेले, पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात विषाणूंवर काम करणारे. त्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी हा विषय हातात घेतला. रोग अजून पुनात पोहोचलेला नसताना. मला या सगळ्या हकिकतीत हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. आपल्याकडे आग लागल्यावर विहीर खणायला घेतात.

आधी त्यांनी जुना उपाय केला. विषाणूचा सौम्य प्रकार तयार करून तो रोपांना मुद्दाम लावायचा, म्हणजे जहाल विषाणू आला तर जागा अडलेली असेल. पूर्वी देवी काढत तसेच काहीसे. पण सौम्य विषाणूनेही झाडे थोडी आजारी पडत, फळांवर डाग येत. शेतकऱ्यांना ते पटले नाही. आपण तरी पैसे देऊन आजार विकत घेतला असता का?

मग १९८० च्या दशकाच्या मध्यावर एक नवी कल्पना पुढे आली. पूर्ण विषाणू कशाला द्यायचा, त्याचा एक निरुपद्रवी तुकडा झाडाला दिला तर? अमेरिकेत तंबाखूच्या झाडावर हा प्रयोग १९८६ मध्ये जमला होता. गोन्साल्व्हिस आणि त्यांच्या साथीदारांनी (हवाई विद्यापीठातल्या मॉरीन फिच आणि रिचर्ड मॅनशार्ट, आणि एका औषध कंपनीत काम करणारे जेरी स्लायटम) पपईच्या विषाणूच्या बाहेरच्या कवचाची माहिती असलेले एक जनुक घेतले. ते पपईच्या पेशीत कसे घालायचे? कॉर्नेलमध्येच जनुकाची बंदूक तयार झाली होती. धातूच्या अतिसूक्ष्म कणांवर जनुक चिकटवायचे आणि ते कण पेशींवर मारायचे. पहिल्या बंदुकीत तर खरोखरच काडतूस वापरत. पेशींच्या ढिगातल्या थोड्याच जगतात, त्यातल्या थोड्यांतच जनुक नीट बसते, त्यातूनही एखादीच रोगाला दाद देत नाही. वर्षे गेली. १९९१ मध्ये एक रोप सापडले, क्रमांक ५५-१. विषाणू चोळूनही ते ठणठणीत राहिले.

त्याची शेतातली पहिली चाचणी ओआहू बेटावर एप्रिल १९९२ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच महिन्यात, मे १९९२ मध्ये, पुनात रोग सापडला.

पुढची सहा वर्षे वाचताना मला मामूंचा बांध दिसतो. पुनाचे उत्पादन १९९२ मध्ये चोवीस हजार टनांच्या आसपास होते, १९९८ मध्ये ते बारा हजारांवर आले. शेतकऱ्यांनी एकमेकांच्या बागा तोडायला मदत केली, तरी रोग पुढेच. १९९५ मध्ये तिथेच, रोगाने वेढलेल्या एका शेतात, नव्या झाडांची चाचणी घेतली. त्या शेताचे आकाशातून काढलेले छायाचित्र प्रसिद्ध आहे: मधोमध हिरवागार चौकोन, चारी बाजूंनी पिवळी, वाळकी झाडे. नव्या झाडांना वर्षाला एकरी सुमारे सत्तावन्न टन विकण्याजोगे फळ मिळाले, शेजारच्या साध्या झाडांना दोन-सव्वादोन टन.

झाड वाचते ते नेमके कसे? सुरुवातीला शास्त्रज्ञांनाही वाटले की कवचाचे प्रथिन विषाणूची वाट अडवते. खरे कारण १९९० च्या दशकाच्या शेवटी उलगडले. विषाणू म्हणजे एक चिठ्ठी समजा, ‘माझ्या हजार प्रती काढा’ असे लिहिलेली. पेशी भोळेपणाने प्रती काढत बसते. पण पेशीकडे एक कात्रीही असते. नमुना हातात असेल तर त्या नमुन्याशी जुळणारी कोणतीही चिठ्ठी ती कापून टाकते. रोग आल्यावर नमुना हाती पडेपर्यंत फार उशीर झालेला असतो. ५५-१ च्या झाडाला तो नमुना जन्मापासून दिलेला आहे. विषाणू आला की चिठ्ठी तिथल्या तिथे फाडली जाते. यात फवारणी नाही आणि कीड मारणारे विषही नाही. म्हणून बीटी कापसाची आणि याची सरमिसळ करू नये. बीटी कापसात अळीला मारणारे प्रथिन झाडातच तयार होते. त्या प्रथिनाला बोंडअळी सरावली आणि २०१७ मध्ये आपल्या कापूस उत्पादकांचे काय झाले ते विदर्भात आणि खानदेशात सगळ्यांना ठाऊक आहे.

अमेरिकन सरकारच्या तीन खात्यांच्या तपासण्या १९९७ पर्यंत झाल्या. पेटंट मात्र निरनिराळ्या संस्था-कंपन्यांची होती. पपई उत्पादकांच्या समितीने त्यांच्याशी बोलून परवाने मिळवले आणि मे १९९८ मध्ये बी वाटायला सुरुवात झाली. नाव नोंदवलेल्या शेतकऱ्यांना ते फुकट दिले. लाल गराची सनअप, आणि सनअपचा स्थानिक कापोहो वाणाशी संकर करून केलेली पिवळ्या गराची रेनबो. म्हणजे रेनबो हायब्रिडही आहे आणि जनुक-बदल केलेलीही. आमच्या ग्रुपवरच्या निरोपात हीच गफलत झाली असावी. काही वर्षांतच हवाईतली तीन-चतुर्थांशाच्या आसपास पपई रेनबो झाली. आणखी एक गंमत म्हणजे, भोवती रेनबो असल्याने रोगाचा जोर ओसरला आणि मधल्या जागी साधी कापोहो पपईही पुन्हा लावता आली.

सगळे गोड झाले असे नाही. जपान हे हवाईच्या पपईचे मोठे गिऱ्हाईक. तिथे ही पपई घ्यायला परवानगी मिळाली ती २०११ च्या शेवटी. तोवर त्या बाजारासाठी साधी पपई वेगळी पिकवावी, वेगळी मोजावी लागली. सेंद्रिय शेती करणाऱ्यांची तक्रार होती की परागकण उडून आमच्या झाडांवर येतात, आणि ती खोटी नव्हती. २०१० मध्ये कोणीतरी रात्री शेतात शिरून हजारो झाडे कोयत्याने तोडली. ज्यांची तोडली ते शेतकरीच होते, कंपनी नव्हे. रोगातून वाचलेले झाड माणसाने तोडलेले पाहून त्यांना काय वाटले असेल याचा विचार मी पुष्कळदा करते.

आता खाण्याविषयी, कारण मूळ प्रश्न तिथून निघाला. पपईतला विषाणू माणसाला लागत नाही. रोगट झाडाची फळे आपण, आपल्या आईबापांनी वर्षानुवर्षे खाल्लेली आहेत; त्यांत ते कवचाचे प्रथिन सनअप-रेनबोपेक्षा कितीतरी जास्त असते. शंका घेण्याजोगी एक गोष्ट आहे, ती लपवू नये. पेशीत जनुक बसले की नाही हे ओळखायला त्या काळी सोबत खूण म्हणून आणखी जनुके घालत, आणि त्यांतले एक जीवाणूंना एका प्रतिजैविकापासून वाचवणारे होते. त्याचीही तपासणी झाली आणि खाण्याला धोका आढळला नाही. हल्ली अशा खुणा टाळण्याच्या पद्धती आहेत, आणि टाळाव्यातच. २००८ मध्ये सनअपचा पूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला, तेव्हा घातलेले तुकडे नेमके कुठे बसले आहेत तेही दिसले. या कामाचे नेतृत्व करणाऱ्यांत हवाई विद्यापीठातले मकसूदुल आलम होते, मूळचे बांगलादेशचे. पुढे त्यांनी मायदेशी येऊन तागाचाही आराखडा वाचला. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. आपल्या मुलांना क्रिकेटपटूंची नावे पाठ असतात, हे एक नावही सांगून ठेवा.

काही भगिनी विचारतात, हे हलाल आहे का? फतवा देणे माझे काम नाही. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने २०१३ मध्ये यावर मत दिलेले आहे: जनुक हराम वस्तूतून किंवा माणसाच्या शरीरातून घेतलेले नसावे, नुकसान होऊ नये, फायदा असावा, मग हरकत नाही. आपल्या गावातल्या आलिमांना जरूर विचारा. पण विचारताना ‘पपईत व्हायरस घातलाय’ असे विचारू नका. कोणत्या सजीवाचा कोणता तुकडा, कशासाठी, हे सांगून विचारा. प्रश्न अर्धा विचारला की उत्तरही अर्धेच मिळते.

हे सगळे मी मागच्या महिन्यात मामूंना सांगितले. अंगणात बाजेवर बसलो होतो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि पहिला प्रश्न केला, “बी फुकट दिलं? खरंच?” मी म्हटले, हो मामू, फुकट. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग आपल्याला मागवता येईल का?”

मला सांगावे लागले की नाही येणार. एक तर कायद्यात बसत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी उपयोग नाही, कारण नमुना हवाईच्या विषाणूचा आहे. विषाणू देशोदेशी थोडा थोडा बदलतो. बाहेरच्या विषाणूंपुढे रेनबो टिकली नाही, हे चाचण्यांत दिसलेले आहे. चीनने म्हणूनच आपल्या विषाणूवर वेगळी पपई केली आणि २००६ मध्ये तिला परवानगी दिली. थायलंडमध्येही स्थानिक विषाणूवर काम झाले होते. २००४ मध्ये चाचणीच्या शेतातले बी बाहेर गेल्यावरून वाद पेटला आणि चाचण्या बंद पडल्या. आपल्यासाठी पपई करायची तर आपल्या शेतातल्या विषाणूचा नमुना घेऊन, आपल्याच विद्यापीठांत, आपल्याच पैशाने करावी लागेल. तपासणी उघडपणे व्हायला हवी. आणि बी कोणाच्या मालकीचे, कोणत्या भावाने मिळणार, हे पहिल्या दिवशी ठरायला हवे. कापसाच्या वेळी ते ठरले नव्हते.

“म्हणजे माझ्या हयातीत नाही,” मामू म्हणाले. रागाने नाही, हिशेब केल्यासारखे.

या वर्षी त्यांनी पुन्हा पपई लावली आहे, पण निम्मीच; बाकी केळी. या वेळी रोपांवर पांढऱ्या कापडाचे आच्छादन घातले आहे, सुरुवातीचे महिने मावा बसू नये म्हणून. बांधाला मक्याच्या दाट ओळी आहेत, उडत आलेला मावा आधी मक्यावर बसून सोंड पुसून घेतो. शेजारच्या शेतातले काकडी-भोपळ्याचे वेल काढायला सांगून ते शेजाऱ्याशी थोडे वाईटही झाले. दिवसाआड स्वतः ओळीतून फिरतात, आणि शेंड्याचे एक पान जरी पिवळे दिसले तरी ते झाड मुळासकट उपटून पुरतात. उपटताना हात थरथरतो, असे मुमानी सांगतात. तरी उपटतात.

बकरीदच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा दोन कच्च्या पपया देऊन गेला. एक भावजयीकडे पाठवली. तिचा रात्री फोन आला, कबाब फार मऊ झाले, सळईवरून सुटून निखाऱ्यावर पडतात. मी विचारले, कीस किती वेळ लावून ठेवला होतास? म्हणाली, रात्रभर. तासभर पुरे, असे मी तिला दर वर्षी सांगते.